डेल्मरचा डॉलर

डोळ्यावरची पट्टी निघाली आणि डेल्मर क्विस्टला सगळ्यात आधी काय दिसलं असेल, तर कॉपर फोर्क गावात वाटेत भेटलेल्या एकाही पुरुषाचे दोन कल्ले सारखे नाहीत. एक कानाच्या पाळीपर्यंत उतरलेला, तर दुसरा वरच कुठेतरी मुक्कामाला थांबलेला. पोस्टमन तसा, बँकेचा मॅनेजर तसा. चर्चचे पाद्री तर डावीकडून एका पंथाचे आणि उजवीकडून दुसऱ्याच पंथाचे वाटत होते. गावात न्हावी एकच होता आणि तो डेल्मर स्वतः होता.

“इतकी वर्षं कुणी बोललं कसं नाही?” त्याने गाडी चालवणाऱ्या बायकोला विचारलं.

“लोकांना वाटलं, फॅशन आली असेल,” जिनीव्हा म्हणाली. “आपल्या मोंटानात ती जरा उशिराच येते. कोण वाद घालणार?”

घरी आल्यावर डेल्मर स्वयंपाकघराच्या दारातच थबकला. “हा पिवळा रंग कधी दिलास?”

“तूच दिलास. पांढरा समजून.”

मोतीबिंदू एकाच डोळ्याचा काढला होता, दुसऱ्याची पाळी पुढच्या महिन्यात होती. पण त्या एका डोळ्याने डेल्मरला वेड लावलं. तो दिवसभर घरातल्या वस्तू उचलून पाहत बसला. मिठाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं त्याने बायकोला मोठ्याने वाचून दाखवली, औषधाच्या गोळ्यांवरची वाचली, जिनीव्हाच्या कपाळावरच्या आठ्याही वाचायला घेतल्या होत्या, पण तिने हातातला पळा दाखवल्यावर तो विषय तिथेच थांबला.

“उद्या मंडळाची सभा आहे ना?” ती म्हणाली. “जा तिकडे आणि त्यांना बघ.”

मंडळ म्हणजे कॉपर फोर्क नाणेसंग्राहक मंडळ. डेल्मरच्या तरुणपणी या गावात कुणी कागदी डॉलर पुढे केला तर लोक तो उन्हात धरून बघत, उलटा करून बघत आणि शेवटी परत देत. खाणीतला पगार, पत्त्यांतली हारजीत, दारू, हजामत, सगळा व्यवहार चांदीच्या डॉलरांत चाले. खिसे लोंबायचे, विजारी घसरायच्या, पण माणसाला आपण किती श्रीमंत आहोत हे मांडीवर कळायचं. पुढे सरकारने चांदी बंद केली तेव्हा गावातल्या शहाण्यांनी जमतील तेवढे डॉलर डब्यांत भरले, आणि भरलेल्या डब्यांबद्दल बोलायला कुणीतरी हवं म्हणून मंडळ काढलं.

या मंडळाने डेल्मरचं काय केलं, ते सांगायला हवं.

डेल्मर ऐन पंचविशीत असताना एका खाणकामगाराने दाढी करून घेतली आणि गल्ल्यावर एक डॉलर टाकला. १८९३ सालचा. मागच्या बाजूला गरुडाखाली बारीकसा ‘एस’, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीतला. त्या साली त्या टांकसाळीने इतके थोडे डॉलर पाडले होते, की तसा एक हाती लागावा म्हणून माणसं आयुष्यभर गल्ले चाळत बसतात. डेल्मरने तो पांढऱ्या डगल्याच्या खिशात घातला, केसांना लावायच्या पोमेडच्या डबीशेजारी, आणि कितीतरी दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत हिंडला. पुढे मंडळ निघाल्यावर पहिल्याच सभेत त्याने तो टेबलावर ठेवला.

तेव्हा मंडळात दाताचे डॉक्टर फेन्स्टाड होते. आता ते नाहीत. त्यांनी दात तपासायचा आरसा काढला, ‘एस’च्या भोवती पाहिलं आणि मान हलवली. “गोंद,” ते म्हणाले. “आयुष्य गेलं माझं लोकांच्या तोंडात असल्याच गोष्टी चिकटवण्यात. फिलाडेल्फियाचा साधा डॉलर घेतलाय, दुसऱ्या कुठल्या तरी नाण्यावरचा ‘एस’ खरवडून काढलाय आणि इथे डकवलाय.”

मंडळातल्याच थर्मन ऑस्बीने तो डॉलर वाजवून बघायला म्हणून फरशीवर आपटला. काठाला खोक पडली. आवाज मात्र खणखणीत आला. “बघा, खोटं असून किती गोड वाजतं!” थर्मन म्हणाला. ते बरोबरही होतं म्हणा. चांदी खरीच होती, भानगड असलीच तर अक्षराची.

झालं. डेल्मरने तो डॉलर हसत हसत मंडळाला देऊन टाकला, नव्या सभासदांना शिकवायला उपयोगी पडेल म्हणून. त्याला वाटलं विषय संपला. पण त्या दिवसापासून मंडळात खोट्या नाण्याला ‘डेल्मर’ म्हणायला लागले. मग बँकेत म्हणायला लागले. “ही नोट जरा डेल्मर वाटते,” असं कारकून बाई खुद्द डेल्मरला म्हणाली होती आणि तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. गेल्या ईस्टरला पाद्र्यांनी खोट्या संदेष्ट्यांबद्दल बोलताना “अंतकाळी पुष्कळ डेल्मर उठतील आणि लोकांना फसवतील” असं सांगितलं, तेव्हा पहिल्या बाकावर जिनीव्हा बसली होती. आपण गेल्यावर आपलं नाव गावात राहावं अशी इतरांना आशा असते. डेल्मरला त्याची धास्ती होती.

शनिवारी सकाळी तो अग्निशमन केंद्राच्या वरच्या हॉलमध्ये शिरला तेव्हा मंडळी कॉफीच्या पिंपाभोवती जमली होती.

“या, या! नवा डोळा आला!” वेंडेल प्रूएट ओरडला. त्याचं समोरच हार्डवेअरचं दुकान होतं, आणि दुकानात गिऱ्हाईक आलं तरी ते खिडकीतून पाहून तो “थांब रे, डोनट संपवून येतो” म्हणायचा. “काय डेल्मर, मी कसा दिसतो?”

“मी समजत होतो त्यापेक्षा दोन माणसं जास्त.”

“आणि मी?” चिटणीस वर्ना लुंडीनने विचारलं. ती पोस्टातून निवृत्त झाली होती आणि आता मंडळाचं इतिवृत्त सरकारी टपालासारखं जपून नेत-आणत असे.

“वर्ना, तू मला नेहमीच सुंदर दिसत होतीस. आता मला त्याची खात्री करता येते.”

“गप बस, मेल्या,” ती म्हणाली, पण डोनट जॅमवालं दिलं.

तेवढ्यात हातोडी आपटली. थर्मन ऑस्बी अध्यक्षांच्या खुर्चीत बसला होता. थर्मनचं फर्निचरचं दुकान. तो आणि डेल्मर एकाच गल्लीत वाढलेले, एकाच नदीत बुडता बुडता वाचलेले. पण हातोडी हातात आली की थर्मनला सगळं जग सभा वाटायचं आणि तो सगळ्यांना अहो-जाहो करायचा.

“सभा सुरू होत आहे. नव्या सभासद डॉक्टर रोवेना टिब्स यांचं स्वागत. त्यांच्यासाठी प्रथेप्रमाणे आधी पाठ होईल.”

रोवेना टिब्स गावात नव्यानेच आलेली गुराढोरांची डॉक्टर. आजोबांच्या पेटीत तिला सहा डॉलर सापडले होते आणि ती वहीपेन्सिल घेऊन आली होती.

थर्मन उठला आणि काठी घेऊन भिंतीवरच्या फलकाकडे गेला. गाडीच्या चाकाएवढा मोठा फोटो होता तो, थर्मनच्या स्वतःच्या डॉलरचा. त्याच्या वडिलांनी एका फिरत्या विक्रेत्याकडून घेतलेला, सॅन फ्रान्सिस्को, १८९३. खुद्द नाणं जाड प्लॅस्टिकच्या चौकटीत चार स्क्रूंनी बंद होतं आणि थर्मनच्या टेबलावर, हातोडीच्या उजवीकडे उभं असायचं. वडील गेल्यापासून ती चौकट उघडली गेली नव्हती. मंडळाच्या कागदांवर तोच फोटो, टोप्यांवर तोच, दर वर्षीच्या सहलीच्या केकवरही तोच.

“हे लक्षात ठेवा,” थर्मन म्हणाला. “किंमत ठरते कशावर? एक, झीज. बाईच्या कानावरचे केस बघायचे, गरुडाच्या छातीवरची पिसं बघायची.”

“केसांचं मला विचारा,” डेल्मर म्हणाला. तो खरंच नाण्यावरच्या बाईचे केस पाहून किंमत सांगत असे, धंद्यातला माणूस.

“सभासदांनी मध्ये बोलू नये. दोन, नाणं कधीही घासायचं नाही. चकचकीत केलेलं नाणं म्हणजे मेलेलं नाणं. आमच्या एल्डनच्या बायकोने पाहुणे येणार म्हणून त्याची सगळी नाणी टूथपेस्टने घासली होती.”

सगळ्यांनी एल्डनकडे पाहिलं. एल्डनने खाली पाहिलं.

“तीन, आणि हे महत्त्वाचं. सॅन फ्रान्सिस्कोने या साली मुखाच्या बाजूसाठी एकच ठसा वापरला, आणि त्या ठशात एक ओरखडा होता. म्हणून इथे,” थर्मनने बाईच्या कपाळपट्टीवरच्या ‘लिबर्टी’ या शब्दावर काठी टेकवली, “टी अक्षराच्या माथ्यावर, एक बारीक तिरपी रेघ असते. रेघ नाही तर डॉलर सॅन फ्रान्सिस्कोचा नाही. मागे ‘एस’ असो नाहीतर आख्खी बाराखडी असो. दिसतेय रेघ?”

“दिसतेय,” सगळे एका सुरात म्हणाले. दर वर्षी म्हणत.

डेल्मरला दिसली नाही.

त्याने नवा डोळा झाकून जुन्या डोळ्याने पाहिलं. रेघ होती. त्याने जुना झाकून नव्याने पाहिलं. रेघ नव्हती. टीचा माथा लोण्यासारखा गुळगुळीत होता.

डेल्मरने हातातला डोनट बशीत ठेवला.

“आता खोटा कसा असतो ते पाहा,” थर्मन म्हणाला. वर्नाने पेटीतून कापडात गुंडाळलेला डॉलर काढला. “हा आमचा मूळ डेल्मर. ‘एस’भोवती गोंदाची कड दिसेल. भिंग घ्या.”

रोवेनाने भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं. “काहीतरी चोपडं दिसतंय,” ती म्हणाली. “पण कड नाही दिसत.”

“सवय होईल,” वेंडेल मायेने म्हणाला. “मलाही पहिली दोन वर्षं दिसली नव्हती. मग म्हटलं, सगळ्यांना दिसते तर असणारच.”

नाणं हातोहात फिरत डेल्मरकडे आलं. काठावरची ती खोक अंगठ्याला लागली आणि त्याला फरशीचा तो जुना खणखणाट ऐकू आला. आजवर पाठाच्या वेळी तो हे नाणं न बघताच पुढे द्यायचा. कोण आपल्या फजितीकडे भिंग लावून बघतो? आणि खोटं ठरलेलं नाणं पुन्हा तपासून घ्यायला पैसे भरील असा माणूस कॉपर फोर्कमध्ये तरी जन्मला नव्हता. आज मात्र त्याने ते उताणं केलं, भिंग लावलं आणि नवा डोळा त्यावर रोखला.

टीच्या माथ्यावर एक रेघ होती. बारीक, तिरपी, उठावदार. वस्तऱ्याने केस उडवावा तशी.

मग त्याने नाण्यावरच्या सालाकडे पाहिलं. खरा असेल तर एकचा आकडा काठावरच्या एका दात्याच्या बरोब्बर वर बसायला हवा. बसला होता. खुर्चीत बसल्यासारखा बसला होता.

“अरे थर्मन!” डेल्मर खुर्ची पाडून उठला. “अरे थर्मन, हा—”

हातोडी आपटली. “सभासद क्विस्ट, अध्यक्षांना ‘अरे’ म्हणू नये.”

“अहो थर्मन! हा डॉलर खरा आहे!”

हॉलमध्ये हशा पिकला. वेंडेलच्या नाकातून कॉफी आली. “डोळा परत कर, डेल्मर! दुसरा बसवून घे!”

“हा विषय आजच्या सभेपुढे नाही,” थर्मन शांतपणे म्हणाला. “आयत्या वेळच्या विषयांत मांडा. बसा.”

आणि डेल्मरला बसावं लागलं. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं गेलं, त्यात त्याच्या मागच्या सभेचं इतिवृत्त मंजूर झाल्याचं इतिवृत्त होतं. जमाखर्च वाचला गेला. डोनट समितीने जॅमवाले डोनट वाढवावेत की नाही यावर दोन बाजूंचे अहवाल दिले. डेल्मर मुठीत डॉलर घेऊन बसला होता आणि तो डॉलर हळूहळू निखाऱ्यासारखा तापत होता. त्याने दर दोन मिनिटांनी मूठ उघडून पाहिलं, रेघ जागेवर आहे ना म्हणून. होती. त्याला गावंसं वाटत होतं, ओरडावंसं वाटत होतं, वर्नाला उचलून गरगर फिरवावंसं वाटत होतं. एल्डन डोनटांच्या साखरेवर बोलायला उभा राहिला तेव्हा डेल्मरच्या तोंडून नुसताच एक चीत्कार निघाला. तो चिटणिसांनी “सभासद क्विस्ट यांचा पाठिंबा” म्हणून लिहून घेतला.

“आयत्या वेळचे विषय,” थर्मन अखेर म्हणाला.

“ठराव!” डेल्मर उठलाच. “हा डॉलर अस्सल आहे, सबब या मंडळाने खोट्या नाण्याला ‘डेल्मर’ म्हणणं आजपासून बंद करावं, आणि तसं बँकेला आणि चर्चला कळवावं!”

“अनुमोदन आहे का?”

कुणी हललं नाही.

“माझं आहे,” रोवेना टिब्स म्हणाली. “मला ती कड दिसली नव्हती.”

भिंग फिरलं. एकेकाने पाहिलं. वर्नाने पाहिलं आणि “अगं बाई!” म्हणाली. वेंडेलने पाहिलं आणि त्याचा डोनट कॉफीत पडला. एल्डनने तर दोनदा पाहिलं. पण थर्मनने मान हलवली.

“रेघ ठशाने उमटते तशी ओरखड्यानेही उमटू शकते. गोंदाचं काय? डॉक्टर फेन्स्टाड यांचा निर्णय इतिवृत्तात आहे. गोंद आहे तो आहे.”

“मग गोंद विरघळवून बघू!” डेल्मर म्हणाला. “ॲसिटोनमध्ये टाक. त्याने चांदीला काही होत नाही, हे तूच दर वर्षी पाठात सांगतोस. गोंद असेल तर ‘एस’ सुटून तळाला जाईल. मग मी स्वतः गावभर सांगत हिंडेन की मी डेल्मर आहे.”

“तू डेल्मर आहेसच की,” एल्डन म्हणाला, पण त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. सगळे उठले होते. वेंडेल तर समोरच्या दुकानाकडे धावतही सुटला होता. गेल्या कित्येक वर्षांत त्याला धावताना कुणी पाहिलं नव्हतं आणि खालचे अग्निशमनवाले काय पेटलं म्हणून बाहेर आले. तो ॲसिटोनचा पत्र्याचा डबा घेऊन धापा टाकत परतला. “निखळ आहे! बायकांचं नखांचा रंग काढायचं सुगंधी पाणी नव्हे!” वर्नाने लोणच्याची काचेची बरणी पुसून दिली. खिडक्या उघडल्या.

डेल्मरने डॉलर काठाला धरून, गरुड वर करून, आत सोडला.

सगळ्यांची डोकी बरणीवर एकत्र आली, सगळे कल्ले वेगवेगळ्या उंचीवर. आधी काहीच झालं नाही. मग ‘एस’च्या भोवतालून एक पिवळसर धूर निघावा तसा काहीतरी द्रव वर आला.

“गोंद!” थर्मन म्हणाला. “सुटतोय!”

आख्खा जन्म त्या काचेच्या तळाशी पडून होता. पिवळा धूर विरला. चोपडेपणा गेला. गरुडाखालची जागा स्वच्छ झाली. आणि ‘एस’ तिथेच होता, खालच्या चांदीतूनच उगवलेला, ना कड, ना फट.

वर्नाने चिमट्याने नाणं काढलं, हवेत वाळू दिलं. रोवेनाने बरणीला नाक लावलं. जनावरांच्या डॉक्टरला वासाचं भय नसतं.

“याला चंदनासारखा वास येतोय,” ती म्हणाली.

डेल्मरने वास घेतला आणि त्याला इतकं हसू फुटलं की तो टेबलावर पालथा पडला. “पोमेड! माझं पोमेड आहे ते! डॉक्टर फेन्स्टाडच्या स्वतःच्या केसांना तेच असायचं, दर शनिवारी मीच लावायचो!”

मग जो गोंधळ झाला तो इतिवृत्तात मावण्यासारखा नव्हता. वेंडेलने डेल्मरला मिठीत घेऊन उचललं. वर्ना रडत होती आणि लिहीत होती. एल्डन डॉलर हातात घेऊन “कानावरचे केस शाबूत आहेत, काठाला खोक आहे, तरी जुनी पण चालती पिकअप गाडी येईल याच्यात!” असं ओरडत होता. कुणीतरी म्हणालं, खोक पडली नसती तर नवी आली असती, आणि सगळ्यांनी थर्मनकडे पाहिलं.

“आता अध्यक्षांचाही टाका!” वेंडेल नुसत्या आनंदाने म्हणाला. “दोघे भाऊ एकत्र न्हाऊ देत!”

डेल्मरचं हसू थांबलं. त्याने फलकावरच्या गुळगुळीत टीकडे पाहिलं, मग थर्मनकडे. थर्मन चौकटीवर हात ठेवून बसला होता. नव्या डोळ्याने डेल्मरला त्या हातावरचे तपकिरी डाग दिसले. थर्मनच्या वडिलांच्या हातावर होते अगदी तस्सेच.

“राहू दे,” डेल्मर म्हणाला. “काही गरज नाही त्याची.”

हे बोलायला नको होतं. कॉपर फोर्कमध्ये कुणी कुणावर दया केली, तर त्याचा अर्थ अपमानच होतो.

“गरज नाही म्हणजे?” थर्मन ताडकन उठला. “म्हणजे काय, डेल्मर? माझ्या बापाच्या डॉलरची गरज नाही?”

“अरे तसं नाही रे थर्मन, इतकी वर्षं चौकटीत आहे, कशाला उगाच—”

“वेंडेल, स्क्रू ड्रायव्हर!”

“थर्मन, ऐक माझं. घासलं की मेलं म्हणतोस ना तू?”

“हे घासणं नव्हे, हे बुडवणं आहे! मीच शिकवतो ते!”

डेल्मरने बरणी पाठीमागे लपवली. थर्मनने ती मागितली. डेल्मर देईना. दोन म्हातारे लोणच्याच्या बरणीला धरून टेबलाभोवती एक फेरी मारून आले. शेवटी थर्मनने हातोडी आपटून बरणी सभेच्या ताब्यात असल्याचं जाहीर केलं, चार स्क्रू काढले आणि आपल्या हाताने आपला डॉलर आत सोडला.

या वेळी पिवळा धूर आला नाही. सगळे वाट पाहत राहिले. “बघितलंत?” थर्मन म्हणाला. “बघितलंत?” तो तिसऱ्यांदा म्हणत असतानाच गरुडाखालचा ‘एस’ जरासा हलला. मग झोपेत कूस बदलावी तसा वळला, नाण्याच्या काठावरून घसरला आणि बरणीच्या तळाशी एकटाच जाऊन पडला, तांदळाच्या चुरीएवढा.

खाली अग्निशमनवाले रेडिओ लावून गाडी धूत होते, ते ऐकू येत होतं.

“उपसूचना,” वेंडेल खाकरून म्हणाला. जीभ आवरणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. “सभासद क्विस्ट यांच्या ठरावाला. ‘डेल्मर’ हा शब्द रद्द करावा, पण खोट्याला काहीतरी नाव हवंच. त्या जागी ‘थर्मन’ हा शब्द घालावा.”

एल्डनने अनुमोदन दिलं. त्याचंही कधीचं काही साचलेलं असणार.

थर्मन पांढराफटक पडला होता. पण हातोडी हातात होती आणि नियम तो नियम. “उपसूचना रीतसर आहे,” तो म्हणाला. “मतदान. बाजूने?” चार हात वर झाले. “विरुद्ध?” वर्ना, रोवेना आणि आणखी दोघं. चार. “मतं समसमान झाली तर अध्यक्षाला निर्णायक मत असतं,” थर्मन म्हणाला, “पण सभासद क्विस्ट यांनी मत दिलेलं नाही.”

सगळ्यांनी डेल्मरकडे पाहिलं.

डेल्मरने विचार केला. खिशात वर्नाने परत दिलेला त्याचा डॉलर होता, स्वच्छ, थंड, खरा. बँकेतली कारकून बाई आठवली. पाद्री आठवले. पहिल्या बाकावरची जिनीव्हा आठवली. फरशीचा खणखणाट आठवला. एक हात वर करायचा अवकाश होता. गावात नाव थर्मनचं राहिलं असतं, आणि ते राहावं म्हणून थर्मनने केवढी तरी धडपड केली होती.

“अध्यक्ष महोदय,” डेल्मर म्हणाला, “विषय गंभीर आहे. घाईने निर्णय नको. हा पुढच्या महिन्याच्या सभेपर्यंत तहकूब ठेवावा असं मी सुचवतो.”

थर्मनने त्याच्याकडे पाहिलं. मग हातोडी अगदी हळू टेकवली. “तहकूब,” तो म्हणाला.

पुढच्या महिन्यात डेल्मरचा दुसरा डोळाही उघडला. आता दोन्ही डोळ्यांना दिसत असल्यामुळे त्याने सभेत असं मत मांडलं की विषय अजून नीट बघायला हवा. तहकूब. त्याच्या पुढच्या महिन्यात जिनीव्हाने बजावलं होतं की आज काय तो निकाल लावून ये, म्हणून त्याने तो लावला: तहकूब. फलक धुवायला म्हणून उतरवला गेला आणि परत लागला तो काठाला खोक असलेल्या डॉलरच्या फोटोचा. नव्या सभासदांच्या पाठाला आता थर्मनचा डॉलर फिरतो आणि त्याबरोबर एका बाटलीत तो ‘एस’. खोट्याला काय म्हणायचं ते ठरलेलं नसल्यामुळे बँकेतली कारकून बाई हल्ली नोट उजेडात धरून नुसतीच “अं?” म्हणते.

आणि दर सभेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, थर्मन ऑस्बी डेल्मरच्या दुकानात येतो. एका वर्षी डेल्मरने त्याची अर्धी मिशी उडवली तेव्हापासून तो हजामतीला लांब मिझूला शहरात जात असे. आता येतो, खुर्चीत बसतो, मान मागे टाकतो. डेल्मर फेस लावतो, वस्तरा पट्ट्यावर घासतो, आणि दोन्ही डोळे लावून कल्ल्यांची उंची जुळवतो.

“डेल्मर,” थर्मन परवा फेसातून म्हणाला, “उद्या त्या विषयाचं काय करणार आहेस रे?”

डेल्मरने वस्तरा त्याच्या गळ्यावर टेकवला.

“हलू नका, अध्यक्ष,” तो म्हणाला. “उद्याचं उद्या बघू.”